म्हशीच्या नावाचा मका

"म्हशीला हाय व्हय?" असं निंगव्वानं विचारलं आणि सावित्रम्माच्या तोंडून "व्हय" निघून गेलं. एवढंच झालं. सकाळी नऊ वाजता मंडईत ह्याहून मोठ्या थापा शेकड्यांनी मारल्या जातात आणि कुणाच्या जिवाला त्याचं काही वाटत नाही. निंगव्वानंही हिरव्या पाल्यासकट डझनभर कणसं पिशवीत कोंबली, वर एक जून कणीस फुकट टाकलं, "खाऊ द्या तिला बी" म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली. तिचं तरी काय चुकलं? पावसाळ्यात पोरंटोरं एखादं कणीस भाजून खातात, पण चांगल्या घरची बाई डझनानं मका नेते ती गोठ्यासाठीच. निंगव्वाच्या मैंदर्गीकडच्या कानडीत तर मक्याचं नावच गोविनजोळ, म्हणजे गुरांची ज्वारी. पण पिशवी घेऊन चार पावलं गेल्यावर सावित्रम्माचा पाय थबकला. चपलेत खडा जावा तसा तो "व्हय" कुठंतरी आत टोचायला लागला. परत जाऊन सांगावं, अगं, म्हशीला नाही. मग कुणाला, असं निंगव्वा विचारणार. त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं आणि नेमका तोच शब्द गेले चार दिवस सावित्रम्माच्या जिभेवर येत नव्हता. ती परत गेली नाही.

मुळात म्हैस होती कुठं? नवरा, बसलिंगप्पा, गेले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात तिनं भागी नावाची म्हैस शेळगीच्या एका गवळ्याला देऊन टाकली होती. धार काढायला माणूस नाही आणि दूध प्यायलाही माणूस नाही, असं झालं होतं. गोठ्यात आता गोवऱ्या आणि मोडकी खाट होती. घरात होती ती एल्विरा, तिच्या एकुलत्या एक भीमाशंकरची बायको. चार दिवसांपूर्वी दोघं अमेरिकेहून आली, आणि भीमाशंकर कालच कसल्याशा कागदांसाठी पुण्याला गेला तो उद्या येणार होता. जाताना त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, पाठकोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि आईच्या हातात दिलं. आई मराठी चौथी शिकलेली, तिला वाचता यावं म्हणून एकेक अक्षर सुटं काढलं होतं. 'अव्वा, एल्विरा आल्यापासून धड जेवलेली नाही. पाचवा महिना आहे, मला काळजी वाटते. तिला हे खावंसं वाटतंय. तिच्या आईकडं, अमेरिकेच्या दक्षिण सरहद्दीवर, करतात.' खाली यादी होती. मका भाजून दाणे काढायचे. आंबट दही बांधून घट्ट करायचं. साय. चीज मिळणार नाही, दूध नासवून चोथा घ्यावा, मीठ लावून. तिखट, लिंबू, कोथिंबीर. मध्येच मेयोनीज असं काहीतरी लिहून खोडलं होतं आणि शेजारी बारीक अक्षरांत होतं, 'ह्यात अंडं असतं. एल्विराच म्हणाली, अव्वाच्या घरात नको.' आणि सगळ्यात खाली, दोन रेघा ओढून, 'फोडणी देऊ नकोस.' पोटचा पोर तो, आईला ओळखून होता.

शुक्रवार पेठेतल्या गल्लीत शिरताना तिनं पिशवीचं तोंड पदरानं झाकलं. मग स्वतःचाच राग आला. चोरी केलीय का आपण? पण गल्लीतल्या बायकांनी पहिल्या दिवसापासून डोकावायला सुरुवात केली होती. अमेरिकेची बाई म्हणजे गोरीपान, सोनेरी केसांची मडम येणार म्हणून सगळ्या सजून बसल्या होत्या आणि टांग्यातून उतरली ती काळ्याभोर केसांची, गव्हाळ, रुंद गालांची पोर. कपाळावर विभूती ओढली असती तर अक्कलकोटच्या बाजारात कुणी दोनदा वळून बघितलं नसतं. बायकांचा हिरमोड झाला. "कोण गं ही?" शेजारच्या गौरम्मानं सगळ्यांच्या वतीनं विचारलं होतं, आणि सावित्रम्मा म्हणाली होती, "पाव्हणी हाय. अमेरिकेची." भीमाशंकर तेव्हा ट्रंक उतरवत होता. त्यानं ऐकलं असेल का? ऐकलंच असेल. आणि ती पोर, एक अक्षर कळत नसताना, हात जोडून गौरम्माकडं बघून हसली होती.

घरात आल्यावर तिनं खोलीत डोकावून बघितलं. एल्विरा खिडकीखाली चटईवर भिंतीला टेकून बसली होती, पाय पसरून, हात पोटावर. भाद्रपदातला उकाडा, अंगावर सैल सुती झगा, आणि ताटलीत सकाळचं उपीट जसंच्या तसं. "अव्वा," ती म्हणाली आणि उठायला लागली. सावित्रम्मानं हातानंच बस म्हटलं. भीमाशंकरनं तिला चार शब्द शिकवले होते, अव्वा, भाकरी, पाणी, बास. त्यातला 'बास'च चार दिवसांत जास्त वापरला गेला होता. ताट पुढं ठेवलं की एल्विरा दोन घास खायची, डोळ्यांत पाणी आणून हसायची आणि म्हणायची, बास. तोंड उतरलं होतं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. परक्या घरात, परक्या वासात, नवरा गावाला गेलेला आणि समोर एक म्हातारी, जिला आपल्याशी बोलता येत नाही. येत नाही की बोलायचं नाही? हा प्रश्न आला तशी सावित्रम्मा स्वयंपाकघरात गेली आणि शेगडी पेटवायला बसली.

कोळसे फुलले. तिनं पाला सोलला, रेशमासारखे तुरे ओढून काढले आणि पहिलं कणीस निखाऱ्यावर धरलं. दाणे तडतडले आणि तो वास आला. तीन वर्षांमागं, दुष्काळात, ह्याच वासानं ती नाकाला पदर लावायची. रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, येत होता, अमेरिकेचा, आणि दुष्काळी कामावरच्या बायकांना मक्याच्या पिवळ्या पिठाची सुकडी मिळत होती, तीही तिकडचीच. घरात भुसाराचं दुकान, पण दुकानातही विकायला दाणा नव्हता. बसलिंगप्पांनी मिलोचे चार दाणे दाताखाली धरले आणि थुंकले. "असलं जनावरं खात्यात तितं," ते म्हणाले. आणि त्याच आठवड्यात भीमाशंकरचं पत्र आलं. लग्न करून सहा महिने झाले होते त्याला, कळवून झालं होतं, आणि इथून एका ओळीचं उत्तर गेलं होतं, तुझ्या मनासारखं झालं. ह्या पत्रात त्यानं मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं, एल्विरा रोज मक्याच्या भाकरी करते, मी आवडीनं खातो. सावित्रम्मानं पत्र हातातून टाकलं. मक्याच्या! रोज! म्हणजे तिथंही दुष्काळ आहे. नाहीतर त्या बाईच्या घरची परिस्थिती तसली आहे. माझ्या पोराला ती गुरांचं घालते आणि हा बापडा आवडीनं खातो म्हणतो, आईनं रडू नये म्हणून. ती दोन दिवस रडली. बसलिंगप्पा हसले, "अगं, तितली रीत असंल ती," म्हणाले, पण ऐकतंय कोण? तिनं दुकानाच्या मागच्या कणगीतली, बियाण्याला ठेवलेली मालदांडी ज्वारी काढली, दळून आणली आणि चाळीस भाकरी केल्या, पापडासारख्या पातळ, तव्यावर कडक करून, उन्हात वाळवून. महिनामहिना टिकतात त्या. तुपाच्या डब्यात रचल्या, डबा मांजरपाटाच्या कापडात शिवला आणि पोस्टात दिला. त्या वर्षी गल्लीत लोक एक भाकरी दोघांत खात होते आणि सावित्रम्मानं चाळीस भाकरी बोटीनं अमेरिकेला धाडल्या. वेडीच की ती.

चटका बसला तशी ती भानावर आली. एक कणीस एका बाजूनं पार काळं झालं होतं. कॅलेंडरच्या पानावर किती भाजायचं ते लिहिलं नव्हतं. पुरुषांनी लिहिलेली कृती, तिच्यात हेच होणार. तिनं कणसं निवत ठेवली आणि अंगठ्यानं दाणे काढायला घेतले. काही कोवळे होते, दूध उडत होतं. निंगव्वानं फुकट दिलेल्या कणसाचे दाणे मात्र खड्यांसारखे, ते खरंच म्हशीच्या लायकीचे. तिनं ते बाजूला काढले. अर्धे दाणे पाट्यावर जाडसर वाटले. खुंटीला रात्रीपासून टांगलेला चक्का उतरवला. आता दूध. पातेल्यात दूध उकळत होतं आणि हातात लिंबाची फोड होती, पण हात पुढं होईना. आयुष्यभर दूध नासू नये म्हणून जपलं. नासलं तर दिवसभर मनाला हुरहुर लागायची. बसलिंगप्पा गेले त्या सकाळी दूध नासलं होतं. आणि आता आपणच, आपल्या हातानं, पोटुशी बाई घरात असताना? तिनं लिंबू खाली ठेवलं. दूध वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं.

भीमाशंकर पोटात होता तेव्हाची गोष्ट. चैत्राचं ऊन आणि तिला हुरडा खावासा वाटला. हुरडा पौषातला, चैत्रात तो कुठला? ती सोळा वर्षांची, कुणाला बोलली नाही, नुसती कोपऱ्यात बसून राहायची. पण सासूच्या नजरेतून काही सुटायचं नाही. एका दुपारी सासूनं ज्वारी भिजवली, निथळली, गरम राखेत चोळून भाजली, तिच्यावर गूळ आणि शेंगदाण्याची चटणी घातली आणि मुठीनं तिच्या पदरात ओतली. "खा गं, हुरडा हाय," म्हणाली. तो हुरडा नव्हता, हे दोघींनाही ठाऊक होतं. दाणा चिवट होता, राखेची चव लागत होती. पण तिनं तो शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ला आणि त्या दिवसापासून त्या बाईला मनातून आई म्हटलं. डोहाळा पुरवायचा तो खाण्याच्या वस्तूसाठी नसतोच की. कुणीतरी आपल्यासाठी राखेत हात घातला, एवढं त्या पोटुशीला कळावं लागतं. सावित्रम्मानं लिंबू उचललं आणि पिळलं. दूध फाटलं. काही झालं नाही, आभाळ कोसळलं नाही. पंच्यातून पाणी निथळलं आणि पांढराशुभ्र चोथा उरला, तो तिनं मीठ लावून कुस्करला.

मग सगळं एका मोठ्या भांड्यात, सटात, एकत्र केलं, मका, चक्का, साय, चोथा, तिखट, लिंबू, वरून कोथिंबीर. लालसर, दाटसर, चमच्याला धरून राहणारं. तिचा हात सवयीनं तेलाच्या कढल्याकडं गेला. जिरं, मोहरी, चार पानं कढीपत्ता, किती छान झालं असतं! हात तिनं मागं घेतला. चव बघायची तर आधी लिंगाला दाखवायला हवं, न दाखवता तिनं जन्मात घास घेतला नव्हता. पण असलं परदेशी काही दाखवायचं का? क्षणभर ती घुटमळली. मका इथला, दूध इथलं, तिखट घरात कांडलेलं. परकं त्यात काय होतं? तिनं गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं, डोळे मिटले, वाटी पुढं केली. मग बोटानं चाटून बघितलं. आंबट, तिखट, मध्येच मक्याचा गोडवा आणि मागून जळक्याचा वास. चांगलं होतं. म्हणजे चांगलं असावं. खरं कसं लागतं हे तिला कुठं ठाऊक होतं? ते ठाऊक असणारी एकटीच होती आणि ती चार दिवस बास म्हणत होती.

बरोबर द्यायचं काय, ते यादीत नव्हतं. घरात कडक भाकरी होत्याच, पण त्या फडताळातून काढताना तिचं मन पुन्हा कडू झालं. पहिल्या संध्याकाळी तिनं हौसेनं ताटात अख्खी कडक भाकरी ठेवली होती. एल्विरानं ती दोन्ही हातांनी उचलली, दिव्यासमोर धरली, फिरवून फिरवून बघितली आणि खुदकन हसली. भीमाशंकरला काहीतरी म्हणाली, तोही हसला. "काय झालं रे?" तर म्हणे, "काय न्हाय, अव्वा. सांगतो नंतर." नंतर त्यानं काही सांगितलं नाही. आपल्या भाकरीला हसली, हे तिच्या मनात रुतून बसलं. चाळीस भाकरी पाठवल्या तेव्हाही चार महिन्यांनी एवढंच आलं होतं, भाकरी पोचल्या, सगळ्या खाल्ल्या. कशा होत्या, एक शब्द नाही. खरं सांगायचं तर 'पाव्हणी' हा शब्द त्या हसण्यानंतर तिच्या तोंडात जास्तच घट्ट बसला होता. तरी तिनं भाकरी घेतली, वाटी घेतली आणि ती खोलीत गेली.

वाटी बघून एल्विरा ताठ बसली. वास घेतला. मग बोटांची चिमूट करून थोडं जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. सावित्रम्मा तिच्या तोंडाकडं बघत उभी होती, परीक्षेला बसल्यासारखी. ते तिच्या आईच्या हातचं नव्हतं, हे त्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. आणि मग तो चेहरा हळूहळू सैल झाला. तिनं भाकरी उचलली, पण तोडली नाही. "अव्वा, पार्सल," ती म्हणाली. हा पाचवा शब्द तिला कुणी शिकवला होता कोण जाणे. ती हात टेकून उठली, ट्रंक उघडली, तळातून घडी केलेलं एक पांढरं फडकं काढलं, चटईवर पसरलं, त्यात भाकरी ठेवली, चारी टोकं दुमडली आणि वरून मुठीनं दाबली. कडकडकड आवाज झाला. सावित्रम्मा पुढं झाली. अगं, अन्न आहे ते! एल्विरानं टोकं उलगडली. भाकरीचे बोटाबोटाएवढे तुकडे झाले होते. त्यातला एक तिनं वाटीत बुडवला, मका वर घेतला आणि खाल्ला. मग दुसरा. मग तिनं हवेत बोटानं एक मोठा गोल काढला, नाही म्हणून मान हलवली आणि तुकड्यांवर बोट ठेवून म्हणाली, "भाकरी." आणि पहिल्या संध्याकाळसारखीच खुदकन हसली.

तेव्हा कुठं सावित्रम्माच्या डोक्यात उजेड पडला. तो डबा. तीन महिने बोटीत आदळत गेलेल्या चाळीस भाकरींतली एकही तिथं अख्खी पोचली नव्हती. पोचला होता तो नुसता चुरा आणि तुकडे. ही पोर त्यालाच भाकरी समजली. सोलापूरकडं भाकरी अशीच करतात, फडक्यात शिवून बारीक मोडून, असं धरून चालली. आणि असल्या मक्यात बुडवून तिनं त्या शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ल्या. पोरानं आईला वाईट वाटेल म्हणून कळवलं नाही, आणि पहिल्या संध्याकाळी अख्खी भाकरी ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. हसली ती स्वतःला. सावित्रम्मानं फडक्याकडं बघितलं. मांजरपाट होता तो, शिवण उसवलेला, किती वेळा धुतलेला कोण जाणे. पण पोत्यांवर नावं घालायची दुकानातली काळी शाई धुण्यानं जात नसते. बसलिंगप्पांनी अमेरिकेचा पत्ता चित्र काढावं तसा एकेक इंग्रजी अक्षर बघून काढला होता, आणि तेवढ्यावर समाधान झालं नाही म्हणून खाली आपल्या वळणदार मराठीत लिहिलं होतं, 'सांभाळून. आत भाकरी आहेत. सोलापूर.' बोटीवर ते वाचणार होतं कोण? तेव्हा ती त्यांना हसली होती. आता तिनं त्या अक्षरांवर बोट फिरवलं आणि तिला रडू फुटलं. माणूस गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. ज्या मुलीचं नाव तिनं तीन वर्षांत एकदाही पत्रात घातलं नाही, त्या मुलीनं त्या माणसाचं अक्षर जपून ठेवलं होतं, आणि ते इथपर्यंत परत आणलं होतं. एल्विरा घाबरली. खाणं सोडून जवळ सरकली, "अव्वा, अव्वा," म्हणायला लागली. सावित्रम्मानं डोळे पुसले आणि वाटी तिच्यापुढं सारली. "तिन्नव्वा," ती म्हणाली. "खा गं, माझी आई." एल्विरा खात राहिली. 'बास' म्हणाली नाही.

मागचं दार वाजलं ते तेवढ्यात. गौरम्मा गोठ्याच्या बाजूनं आत आली. कपाळाला ताजी विभूती, एका हातात भाकरीचा चतकोर आणि त्यावर गुळाचा खडा. नव्या जनावराला पहिल्यांदा भेटायला जाताना नेतात तसं सगळं बरोबर आणलं होतं. "काय गं सावित्रम्मा, एवढी शेजारीण मी, आन् मला मंडईत निंगव्वाकडनं कळावं? म्हैस कवा आणलीस? गोठ्यात तर गोवऱ्याच हायत की! कुटं बांधलीस?" बोलत बोलत ती खोलीच्या दारात आली आणि थांबली. चटईवर फडकं, फडक्यात तुकडे, वाटी चाटून पुसून घेणारी अमेरिकेची पाव्हणी आणि रडून लाल झालेली सावित्रम्मा.

"म्हैस न्हाय आणली," सावित्रम्मा म्हणाली. "खोटं बोलले मी निंगव्वाला. उद्या जाऊन तिला सांगती. मका सुनेला आणला."

"कुणाला?"

"सुनेला. ही माझी सून, एल्विरा. पाचवा चाललाय तिला, डोहाळा हाय मक्याचा. उभी का तू? बस की, तूबी खा."

हातातल्या चतकोराकडं बघत गौरम्मा उंबऱ्यातच टेकली. सावित्रम्मा उठली, सटातलं उरलेलं सगळं वाटीत ओतून घेऊन आली, एक अख्खी भाकरी फडक्यात ठेवली, बसलिंगप्पांची अक्षरं वर येतील अशी टोकं दुमडली आणि भीत भीत मूठ दाबली. एल्विरानं उलगडून बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. तुकडे तिच्या मते फार मोठे होते. तिनं टोकं पुन्हा दुमडली, सासूचा हात धरून फडक्यावर ठेवला, त्यावर आपला ठेवला आणि जोर लावला.